सूत्रसंचालन कुणाला येते?

हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या. पुढे सांगते ती माझी फजिती एवढी आहे की मध्ये सवड मिळायची नाही. आणि 'सांगते' म्हणजे लिहितेय हं! तोंडाने सांगायची धमक असती तर हे घडलंच नसतं.

मी अबोल आहे. लोक म्हणतात, किती शांत स्वभाव! कसला शांत? आत दिवसभर भाषणं चालू असतात, फक्त बाहेर पडायच्या वेळी दाराला कडी लागते. फोन वाजला की वाजायचा थांबेपर्यंत मी त्याच्याकडे बघत बसते आणि मग मेसेज करते, 'काही काम होतं का?' एकदा एसटीत 'थांबवा' म्हणवेना, म्हणून पुढच्या गावात उतरून चालत परत आले. काय बोलणार?

राहते शहापूरला, नोकरी मुरबाडला, भाताचं बियाणं विकणाऱ्या कंपनीत. कंपनीचं एक ऑफिस शहापूरलाही आहे, आमच्या घरापासून पाच मिनिटांवर. तिथे बदली व्हावी, एवढंच माझं मागणं. कारण ओवी, माझी चार वर्षांची लेक. तिची बालवाडी साडेचारला सुटते आणि माझी एसटी सहाला पोचते. सासूबाई गुडघा धरत-धरत तिला आणायला जायच्या. तोवर बाकीची पोरं गेलेली असायची आणि ही एकटीच पाठीला दप्तर लावून पायरीवर बसलेली. रोज एसटीत मला ती पायरी दिसायची.

पण बदलीचा अर्ज जातो साहेबांमार्फत. आणि आमचे साहेब म्हणजे...

कपाटाची किल्ली हरवली तेव्हा त्यांनी किल्ली शोधायला समिती नेमली, अध्यक्ष स्वतः. किल्ली अध्यक्षांच्याच खिशात सापडली. माझा अर्ज त्यांनी मुख्य ऑफिसला तीनदा ईमेल केला, तिन्ही वेळा अर्ज जोडायचाच राहिला. चौथ्यांदा जोडला, तो भाच्याच्या मुंजीच्या पत्रिकेचा फोटो! भाताचं बियाणं विकतात, पण भात ओळखू येतो तो ताटात वरण ओतल्यावर. आणि बोलतात असे की जणू परिपत्रक वाचून दाखवतायत.

हे सगळं मी त्यांना मनात हजार वेळा सुनावलंय. तोंडाने म्हणते, "हो सर."

तर शुक्रवारी मीटिंग चालली होती. रविवारी टोकावड्याला शेतकरी मेळावा, मुख्य ऑफिसातून मोठे साहेब येणार होते. माझं लक्ष कुठे? घड्याळात! पाचची एसटी चुकली की पुढची कधी येईल ते एसटीलाही माहीत नसतं. पर्स खांद्याला अडकवली, दारापर्यंत सरकले आणि आपण निघताना म्हणतो तसं, 'जाते' म्हणू नये म्हणून, हळूच म्हटलं, "येते, सर."

टाळ्या! कडकडून टाळ्या!

मला वाटलं, मी वेळेवर निघाले याचं एवढं कौतुक? पळत सुटले. एसटीत बसल्यावर ग्रुपवर साहेबांचा मेसेज आला. 'रविवारच्या सूत्रसंचालनाची जबाबदारी स्वयंस्फूर्तीने स्वीकारल्याबद्दल मॅडमचे अभिनंदन.'

मी गोदामातल्या पांडूकाकांना मेसेज केला, हे काय? त्यांनी बिचाऱ्यांनी फोनच केला. तो मात्र मी उचलला.

"अवो मॅडम, सायबांनी इचारला, 'सूत्रसंचालन कुणाला येते?' समदी खाली माना घालून बसलेली. आन तुमीच बोललाव ना, 'येते, सर'!"

काय म्हणायचं या भाषेला? निघायचं तरी 'येते', जमायचं तरी 'येते'!

घरी सासूबाई म्हणाल्या, "गो, तुला नाय म्हनाया तोंड नाय का? सांग त्यांना, नाय जमनार!" सांगते म्हटलं. चार वेळा मेसेज लिहिला, चार वेळा पुसला. शेवटी ग्रुपवर नुसतं हात जोडल्याचं चित्र टाकलं. अर्थ एवढाच की साहेब, पाया पडते, मला यातून सोडवा. साहेबांचं उत्तर आलं, 'धन्यवाद कसले? संधी देणे हे नेतृत्वाचे काम आहे.'

घ्या!

मग मी मनाची समजूत घातली. मोठे साहेब येतायत ना? बदली त्यांच्याच हातात. स्टेजवर चार वाक्यं बोलून दाखवू आणि उतरताना पाचवं त्यांच्या कानावर घालू.

रविवारी माइक हातात घेतला, तेव्हा तो माझ्या हातात होता की मी त्याच्या, देव जाणे. पण कागद होता समोर. वाचला. भीतीपोटी कागदावर नको ते लिहून ठेवलं होतं. 'आमचे दूरदृष्टीचे, शेतकऱ्यांच्या मातीशी नाळ जुळलेले साहेब.' वाचताना माझी मलाच शिसारी आली.

साहेब उठले, बोलले, कुणाला काही कळलं नाही. मग पुढच्या रांगेतल्या एका आजोबांनी विचारलं, "सायब, ह्यो बियाना हळवा हाय का गरवा?"

आता आमच्याकडच्या शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे, हळवं म्हणजे लवकर तयार होणारं, गरवं म्हणजे उशिरा. आमचं वाण हळवंच होतं. पण साहेब छाती काढून म्हणाले, "हळवे? मुळीच नाही! आमचे बियाणे अत्यंत कणखर मनाचे आहे!"

मांडवात कुजबुज सुरू झाली.

"मंग नको आमाला," आजोबा उठलेच. "आमची माळाची जमीन. हळवा नाय तं काय कामाचा?" त्यांच्यामागे आणखी दहा-बारा जण उठले. मोठ्या साहेबांच्या कपाळाला आठ्या. साहेबांचा चेहरा असा झाला, जसा पायरीवरच्या ओवीचा होतो.

इथे मी गप्प बसायला हवं होतं की नाही? आयुष्यभर नको तिथे गप्प बसले! पण नेमकी तेव्हाच माझ्या दाराची कडी निघाली.

"आजोबा, बसा! साहेब तुमची परीक्षा घेत होते! म्हणाले होते, बघू या, टोकावड्याचा शेतकरी आपल्याला पकडतो का. पकडलंत की! बियाणं हळवंच आहे, माळावर दिवाळीआधी हातात येईल."

असा हशा पिकला म्हणता! आजोबा म्हणाले, "सायब लय मस्करीखोर हाय रे!" मोठ्या साहेबांनी आमच्या साहेबांची पाठ थोपटली. "शेतकऱ्यांशी असा खेळकर संवाद मी कुठे पाहिला नाही!"

आणि आमचे साहेब? विनयाने मान लववून म्हणाले, "प्रयत्न असतो."

चहाच्या वेळी मोठे साहेब स्वतःहून माझ्याकडे आले. "छान बोललात. तुम्हाला काही सांगायचंय का?"

हाच तो क्षण! पाचवं वाक्य जिभेच्या टोकावर! मी म्हटलं, "चहात साखर बरोबर आहे ना, सर?"

पंधरा दिवसांत शहापूरच्या बदलीची ऑर्डर आली. साहेबांची.

निरोप समारंभ झाला. सूत्रसंचालन कोणी केलं ते विचारू नका. शेवटी साहेब सगळ्यांदेखत म्हणाले, "मॅडम, शहापूरला आपल्या घरी पुढची खोली रिकामी असते असे ऐकतो. मी राहायला आलो तर आपणास काही अडचण नाही ना?"

मी सगळं बळ एकवटलं. आयुष्यात पहिल्यांदा, ठणठणीत आवाजात, सर्वांसमोर म्हटलं, "नाही!"

"मग ठरले!" साहेब म्हणाले.

आता ते आमच्या पुढच्या खोलीत राहतात. सासूबाईंना 'माताजी' म्हणतात, त्यामुळे त्या खूश. ऑफिसात त्यांना काम असं कधीच नव्हतं, म्हणून चारलाच घरी येतात आणि माताजींचा गुडघा दुखतो म्हणून ओवीला आणायला तेच जातात. वेळेच्या आधी पाच मिनिटं! ओवी आता पायरीवर बसत नाही. तेवढं एक बरं झालं, हे कबूल करताना जीभ जड होते.

परवा मी मुद्दाम रजा काढली. म्हटलं, एक दिवस तरी माझी लेक मीच आणेन. साडेचारच्या ठोक्याला बालवाडीच्या दारात उभी. नव्या बाईंनी मला आपादमस्तक न्याहाळलं.

"तुम्ही कोण? ओवीला न्यायला तर साहेब येतात."

मी तिची आई आहे, एवढंच म्हणायचं होतं हो! किती सोपं वाक्य! मी नुसती हसले.

"बसा पायरीवर," बाई फोन काढत म्हणाल्या, "साहेबांना विचारते, तुमच्याकडे सोडू का म्हणून."

आणि मी म्हटलं, "हो, विचारा."