आभाराऐवजी बीपी

मंडळी, आज दौंडला आमच्या गटाचा कार्यक्रम झाला. गटाच्या मदतीवर नर्सिंग शिकणाऱ्या मुलींनी स्टेजवर येऊन देणगीदारांचे आभार मानायचे, हा आमचा दरवर्षीचा रिवाज.

इनामगावची सुनीता मला बाजूला घेऊन म्हणाली, "आबा, माझं नाव पुकारू नका. गावात म्हंत्यात, लोकांच्या पैशावर शिकती. त्यापरीस सगळ्यांचं बीपी तपासू का?"

मी म्हटलं, तपास पोरी.

पहिल्यांदा बसले आमचे सगळ्यात मोठे देणगीदार, आप्पा. सवयीनं भाषण सुरू करणार, तोच ती म्हणाली, "आप्पा, बोलू नका, आकडा चुकतो. हात सैल सोडा."

आप्पांनी हात सैल सोडला. निघताना मला म्हणाले, "पोरगी तयार झाली की, व्हय!"

आभार राहूनच गेले. कुणाला आठवलेही नाहीत.

तुमच्याकडं मदत घेणाऱ्या पोरीला स्टेजवर उभं करतात का हो? तिला विचारून?