मिरकरवाड्याचा सरस बांगडा

“मॅडम, हे तुम्ही आज सांगताय? बुधवारी?” सावंत सरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. चष्मा काढला की सर चिडलेले असतात, एवढं मला दोन दिवसांत कळलं होतं.

“मला आजच दिसलं, सर.”

“शुक्रवारी समारोप आहे. पाहुण्यांना रिझल्ट सांगायचाय. आणि तुम्ही म्हणता यंत्रावरचा अख्खा रन बाद?”

“बाद नाही. संशयित.”

“पोलीस चौकी आहे का ही?”

खोलीत आम्ही तिघंच होतो. तिसरी सुनंदा जाधव. संशयित डेटा तिचा होता.

थोडं मागे जाऊन सांगते. ही गोष्ट दोन हजार सालानंतरची, लिपिडोमिक्स हा शब्द आपल्याकडे नुकताच आला होता तेव्हाची. लिपिडोमिक्स म्हणजे एखाद्या नमुन्यातल्या सगळ्या स्निग्ध रेणूंची शिरगणती. ‘माशात चरबी आहे’ एवढ्यावर भागत नाही. कुठल्या जातीची, किती, हे मोजायचं. त्यासाठी जे यंत्र लागतं ते मास स्पेक्ट्रोमीटर, म्हणजे रेणूंचा भलता महागडा वजनकाटा. रत्नागिरीतल्या एका मत्स्यसंशोधन संस्थेत तो नवा आला होता आणि तो विश्वासाने कसा वापरायचा हे शिकवायला मला मुंबईहून बोलावलं होतं. माझं बालपण याच जिल्ह्यात, अलोऱ्याच्या कॉलनीत गेलं. रत्नागिरीचं बोलावणं म्हटल्यावर मी ते माहेरपणच समजले. पाच दिवस शिकवायचं आणि पाच दिवस मासे खायचे, असा साधा बेत होता.

सुनंदा मूळची शाळेतली शिक्षिका. तीन वर्षांची बिनपगारी रजा घेऊन पीएचडी करत होती. रजा महिनाअखेर संपत होती. तोवर प्रबंध जमा झाला तर ठीक, नाहीतर परत शाळा आणि प्रबंध कपाटात. तिचा निष्कर्ष असा, की रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरावरच्या बांगड्यात चांगल्या प्रतीची चरबी दाभोळ बंदरावरच्या बांगड्यापेक्षा बरीच जास्त असते. सावंत सर तिचे गाइड. रत्नागिरीचा मासा सरस ठरतोय म्हटल्यावर ते आधीच मोहरून गेले होते.

बुधवारी मी वर्गात शिकवायला म्हणून तिचीच रन शीट मागितली. रन शीट म्हणजे यंत्राला कुठला नमुना कितव्या नंबरावर दिला त्याची यादी. पहिले चोवीस मिरकरवाडा, पुढचे चोवीस दाभोळ. अक्षर मोत्यासारखं. रांगा सरळ. टापटिपीला शंभर मार्क, आणि क्रमाला शून्य.

कारण हे यंत्र कामाने मंदावतं. नमुन्यामागून नमुना जातो तसा त्याच्या तोंडाशी मळ साचतो आणि सकाळी ठणठणीत ऐकणारं यंत्र संध्याकाळी कमी ऐकायला लागतं. सकाळी मिरकरवाडा, संध्याकाळी दाभोळ. मग फरक माशातला की यंत्राच्या कानातला?

“पुन्हा चालवता येईल?” सुनंदाने विचारलं. खोलीतलं तिचं पहिलं वाक्य.

“डीप फ्रीजरमध्ये काय उरलंय?”

“प्रत्येकातलं एकदा पुरेल एवढं.”

“मग एकदाच. पण या वेळी माझ्या पद्धतीने.”

माझी पद्धत सोपी आहे, फक्त दिसायला जरा तमाशासारखी. पहिली गोष्ट, सगळ्या अठ्ठेचाळीस नमुन्यांतला थेंब थेंब घेऊन एक मिसळ करायची आणि दर सहा नमुन्यांनंतर तीच मिसळ यंत्राला पुन्हा पुन्हा द्यायची. मिसळ तीच, म्हणजे आकडाही तोच यायला हवा. नाही आला तर यंत्र खोटं बोलतंय. दुसरी गोष्ट, नमुन्यांचा क्रम नशिबावर सोडायचा. मी स्टाफ क्लबमधून हाउसीची, म्हणजे तंबोल्याच्या नंबरांची पिशवी मागवली आणि वर्गासमोर बाही सरसावून नंबर काढायला लागले.

“तीन वर्षांचं संशोधन,” सावंत सर दारातून म्हणाले, “आणि मॅडम हाउसी खेळतायत.”

“सर, फुल हाउस झालं तर तुमचंच आहे.”

पोरं हसली. सर हसले नाहीत. सुनंदाही नाही. ती एकेक बाटली दोन्ही हातांनी धरून ट्रेमध्ये ठेवत होती. एक बाटली सांडली असती तर त्या माशाचं दुसरं काही शिल्लक नव्हतं.

रन गुरुवारभर चालला. दुपारी वीज गेली. जनरेटर सुरू होईपर्यंत यंत्र बॅटरीवर होतं. तेवढा वेळ बावीस शिकाऊ संशोधक, सावंत सर आणि मी असे सगळे त्या बॅटरीच्या हिरव्या दिव्याकडे पाहत उभे होतो. एकजण शिंकला तर तिघांनी त्याच्याकडे रागाने पाहिलं.

शुक्रवारी सकाळी आकडे आले. मिसळीचे सगळे बिंदू पडद्यावर एका रेषेत. यंत्र खरं बोलत होतं. मग मी दोन गावं वेगळी केली. फरक तसाच! जरा कमी झाला होता, पण ठसठशीत होता.

मी टाळी वाजवली, सुनंदाला मिठी मारली, आणि रिपोर्टवर स्वतःच्या हाताने ‘डेटा विश्वासार्ह’ असं लिहून खाली झोकदार सही केली. सरांनी चष्मा घातला. तीन वाजताच्या समारोपाचं भाषण टाइप करायला गेलं.

“आता चल,” मी सुनंदाला म्हटलं, “तुझ्या त्या सरस बांगड्यांनीच तोंड गोड करू.”

ती मला मिरकरवाड्याला घेऊन गेली. तिथे तिची ठरलेली मासेवाली होती, पारूमावशी. जाळ्यांच्या ढिगाला टेकून बसलेली, समोर दोन टोपल्या. सुनंदाला पाहताच तिने समोरच्या टोपल्यांना हातसुद्धा लावला नाही. मागून बर्फाचा डबा ओढला आणि त्यातून जाडजूड, चकचकीत बांगडे काढायला लागली.

“ते का? यातले दे की,” मी समोर बोट दाखवलं.

“ते गिऱ्हाइकांचे,” पारूमावशी म्हणाली. “बाईंचे येगळे.”

“वेगळे म्हणजे?”

“अगो, माझ्या नातीला दहावी पास केलीन हिनं. घरी बसवून शिकवलीन. हिला मी टोपलीतला मासा दीन काय? तीन वर्सं झाली, कदी हलका मासा दिला असेल तर इचारा हिला! लिलाव झाला की पयले हिचे बाजूला काढते, मंग बाकीचे.”

मी सुनंदाकडे पाहिलं. ती बर्फातल्या बांगड्यांकडे पाहत होती.

“नमुन्याचे सगळे इथूनच?” मी विचारलं.

“सगळे.”

“आणि दाभोळला?”

“दाभोळला मला कोण ओळखतंय, मॅडम? जेट्टीवरच्या माणसाने पाटीत हात घालून दिले, ते घेतले.”

माझं यंत्र अगदी खरं बोललं होतं. चौथ्या दशांशापर्यंत खरं. फक्त आम्ही गाव मोजलं नव्हतं. पारूमावशीची माया मोजली होती, आणि तिच्याखाली मी सही केली होती.

आम्ही रिक्षाने परत निघालो. मग सुनंदा बाहेर पाहत म्हणाली, “मॅडम, हे कुणाला कळणार नाही.”

“नाही कळणार.”

“माझी रजा संपतेय.”

“माहीत आहे.”

उपदेश करायची मला फार हौस, पण सकाळीच सही ठोकलेल्या बाईने काय उपदेश करायचा? रिक्षा संस्थेच्या फाटकातून आत वळली तेव्हा ती म्हणाली, “मी प्रत्येक माशाचं वजन आणि लांबी लिहून ठेवलीय. वहीत आहे.”

वही आली. सारख्या वजनाचे बांगडे आम्ही समोरासमोर लावले, मिरकरवाड्याचा एक, दाभोळचा एक. जोड्या थोड्याच जमल्या. फरक जवळजवळ नाहीसा झाला. जो बांगडा मोठा त्याला चरबी जास्त, मग तो कुठल्याही बंदरावर उतरो.

सरांच्या खोलीत पुन्हा आम्ही तिघं. चष्मा टेबलावर.

“सकाळी तुम्हीच हो म्हणालात!”

“हो सर. सकाळी मी बाजारात गेले नव्हते.”

“पाहुण्यांना काय सांगू? मासेवालीने घोळ घातला?”

“तिने नाही घातला, सर,” सुनंदा म्हणाली. “मी तिला सांगितलंच नव्हतं मासे कशाला हवेत ते. तिला वाटलं, मी खाते.”

सरांनी टाइप केलेलं भाषण उचललं, मधला एक परिच्छेद पेनने आडवा छेदला आणि विचारलं, “नवं शीर्षक काय देणार?”

मी माझ्या सहीवर काट मारून शेजारी कारण लिहिलं. अशी काट मारायला हात किती जड होतो, ते तेव्हा कळलं.

सुनंदाने दोन प्रकरणं नव्याने लिहिली. बंदराचा निष्कर्ष काढून टाकला, आकाराचा घातला, आणि ‘मिरकरवाड्याचे नमुने विक्रेतीने ओळखीतून निवडलेले होते’ असं स्वच्छ लिहिलं. प्रबंध शेवटच्या दिवशी जमा झाला. तोंडी परीक्षेत बाहेरच्या परीक्षकांनी सगळा वेळ त्या एका वाक्यावरच प्रश्न विचारले. पदवी मिळाली. गावाने मात्र सरसपणा गमावला, याचं सरांना बरेच दिवस वाईट वाटत होतं.

त्यानंतर मी प्रशिक्षणाचा पहिला दिवस यंत्रासमोर घेणं बंद केलं. नमुना कुठून आला, कुणी उचलला आणि त्याचं तुमच्याशी नातं काय, हे आधी विचारायचं. पुढच्या वर्षी मी शिकाऊंना घेऊन पारूमावशीकडे गेले आणि तिला समजावलं, “मावशी, या वेळी न बघता मासा उचलून द्यायचा.”

“न बघता?” ती म्हणाली. “बाजारात बसून चाळीस वर्सं झाली मला. न बघता मासा उचलायला हात उठायचा नाय माझा.”

तेव्हापासून मासे आमचे आम्हीच उचलतो.