आरपार दगड

नेपाळच्या डोंगरात शाळा बांधायला आम्ही काही जण लातूरहून हौसेनं गेलो होतो. सोबत जळकोटकडचा एक म्हातारा गवंडी होता. प्रत्येक दगड हातोडीनं वाजवून बघायचा, आणि भिंतीत थोड्या थोड्या अंतरावर एक लांब दगड आरपार घालायचाच. "ताई, ह्यो नसला की भूकंपात भिंतीच्या दोन बाजू एकमेकीला सोडत्यात," म्हणायचा.

परतताना झुलत्या पुलावर माझे पाय मधेच थिजले. निरोप द्यायला आलेली गावातली आजी पुढं चालत होती. गवंडी आमच्या दोघींच्या मधे घुसला, एका हातात तिचा हात धरला, दुसऱ्यात माझा. "चला, म्या हाय की आरपार दगड!"

पलीकडे पोचून बघते, तर त्याचे डोळे गच्च मिटलेले.

"ताई, आलं का पल्याड?"