तिसऱ्या मजल्यावरचं कोकण

रियाधमध्ये तिसऱ्या मजल्यावर कोकण वसवणारा मी पहिलाच माणूस असेन. दुसरा कुणी असलाच, तर त्याच्या घरमालकाबद्दल मला मनापासून सहानुभूती आहे.

त्याचं झालं असं, की माझे सासरे, अप्पा, पहिल्यांदाच आमच्याकडे येणार होते. अप्पा संगमेश्वर तालुक्यातल्या एका खेड्यातले. तिथली हवा अशी दमट, की बरणीतल्या मिठाला पाणी सुटतं आणि कपाटातल्या चपलांवर बुरशी उगवते. (चपला कपाटात का, हे विचारायची माझी अजून हिंमत झालेली नाही.) लग्न झाल्यापासून अप्पांनी मला एकदाही 'शाबास' म्हटलेलं नाही. म्हटलं, हीच संधी! इथल्या कोरड्या हवेत ओठ फुटतात, नाकातून रक्त येतं. सासऱ्यांना गावची हवा द्यायची!

पाहुण्यांच्या खोलीत मी वाफ सोडणारी यंत्रं लावली. खिडक्यांच्या फटी चिकटपट्टीने बुजवल्या. दोऱ्यांवर ओल्या चादरी टांगून त्यांची टोकं बादल्यांत सोडली.

"अरे निखिल, तुला बरं वाटतंय ना?" बायकोने, म्हणजे शिल्पाने, विचारलं.

"तू फक्त अप्पांचा चेहरा बघ!"

हवा जमली. मग जरा जास्तच जमली! भिंतीचे पोपडे सुटले. पापडांची गुंडाळी होऊ लागली. कपाटाचं दार फुगून बसलं, आणि आत माझे ऑफिसचे सगळे शर्ट. (बेडरूमच्या कपाटात मला जागा नाही.) मी बँकेत कामावर लग्नातला कुर्ता घालून गेलो.

"पप्पा, इट्स रेनिंग इनसाइड!" आमची लेक आनंदाने नाचली. तेवढ्यात खालच्या मजल्यावरचे हैदराबादी शेजारी दारात.

"मियाँ, क्या कर रे आप? हमारी छत टपक री!"

"कुछ नहीं भाईजान, ससुरजी आ रहे हैं!"

अप्पा आले. मी ऐटीत खोलीचं दार उघडलं. त्यांच्या चष्म्यावर वाफ धरली. तो पुसून त्यांनी खोलीभर नजर फिरवली. माझे कान टवकारलेले!

"शिल्पे, ह्यांना सांगितलं नव्हतंस?"

"सांगितलं होतं की, अप्पा! म्हटलं, दमट हवेने तुमचे सांधे धरलेत, डॉक्टरांनी महिनाभर कोरड्या हवेत राहायला सांगितलंय. हा लॅपटॉपमधून मान वर न करता इथल्या अरबांसारखं म्हणाला, 'यल्ला, चला, डन!'"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

अप्पांना आमची बेडरूम मिळाली आणि माझी रवानगी कोकणात झाली. भिंती इतकं पाणी प्यायल्या होत्या, की खोली काही सुकेना. जायची वेळ आली तोवर अप्पा लिफ्ट सोडून जिना चढत होते, आणि मी भिंत धरून उठत होतो.

विमानतळावर त्यांनी माझ्या पाठीवर थाप मारली.

"शाबास, जावईबापू! तुम्ही हातात घेतलेलं एक तरी काम तडीस गेलेलं बघितलं!"

मी भरून पावलो. पाया पडायला वाकलो. अप्पांचं विमान उडालं, तरी मी वाकलेलोच होतो!