बोटाची टोपी

शिंप्यांच्या गल्लीत सगळे त्याला भिंगरी म्हणत. मशीनवरून उठला की हा माणूस कुठे टेकायचाच नाही. दवाखान्यातही पाणी पिऊन ये, दारात डोकावून ये, असं चाललं होतं. शेवटी धाकट्या बहिणीने सदरा धरून बसवलं.

"दादा, बस की जरा! माझाच जीव खालीवर होतोय."

होणारच. ती आपल्या यकृताचा तुकडा त्याला देणार होती. भिंगरीने उभ्या जन्मात दारूला हात लावला नव्हता, तरी साखर आणि चरबीने त्याचं यकृत दगडासारखं करून टाकलं. गल्ली मात्र अजून बाटलीच शोधत होती. त्यात आतड्यांकडून यकृताकडे रक्त नेणाऱ्या मोठ्या शिरेत गुठळी निघाली. ती वाढली तर बहिणीचा तुकडा लावणंच अवघड, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं आणि रक्त पातळ करणारी गोळी रोज न चुकता घ्यायला लावली.

गोळी सुरू झाली आणि सुई टोचली की रक्त थांबेना. बोटाला अंगुस्तान, म्हणजे शिंप्याची धातूची टोपी, घातली असती तर भागलं असतं. पण ती कच्च्या शिंप्याची कुबडी, असं वडील म्हणायचे, आणि भिंगरी वडिलांचा मुलगा. मग पांढऱ्या रेशमाचं काम आलं. घडीवर लाल थेंब पडला तसा त्याने कपाळाला हात लावला आणि काम हातावेगळं होईपर्यंत गोळी बंद केली. नंतर दुसरं पांढरं काम आलं आणि गोळी बंदच राहिली. तो कुणाला बोलला नाही.

आज डॉक्टरांनी नवी तपासणी पाहिली. "गुठळी वाढलीय. गोळी लागू पडत नाही असं दिसतं. आता जास्त जोराचं औषध द्यावं लागेल."

"एक दिवस चुकला नाही हो!" बहीण म्हणाली. "मी रोज विचारते ना."

भिंगरीला भीती वाटली, लाज त्याहून जास्त.

"मी घेतलीच नाही," तो म्हणाला, आणि रेशमाचं, थेंबाचं, अंगुस्तानाचं सगळं सांगून टाकलं.

"बरं झालं बोललात," डॉक्टर म्हणाले. "तीच गोळी परत सुरू करा. गुठळी विरेल की नाही, आता सांगता येणार नाही."

बाहेर आल्यावर बहीण त्याच्याकडे वळली.

"दादा, मी पोट फाडून द्यायला तयार झाले. आणि तुला बोटाला टोपी घालवली नाही?"

भिंगरी बाकावर बसला. आज त्याला उठवेना.