इंजिनाच्या नफ्यात गेलेल्या पाटल्या

चहा घ्या तुम्ही, गार होईल. मी तोवर माझा पचका सांगतो. मी हायस्कुलात जमाखर्च शिकवणारा मास्तर. हिशेबात माझ्या तोडीचा माणूस अख्ख्या मंगळवार पेठेत नाही, असं तेव्हा बोललं जायचं. कोण बोलायचं? मीच.

स्वातंत्र्याला पाच-सहा वर्षं झालेली. गावातल्या एका ऑइल इंजिनच्या कंपनीचे थोडे शेअर माझ्याकडे होते. त्या साली अहवाल आला. नफा जवळजवळ दुप्पट, डिव्हिडंडही वाढवलेला. वर नवे शेअर विकायला काढलेले. मी ठरवलं, बायकोच्या पाटल्या मोडून ते घ्यायचे.

सकाळी आमच्या दूधवाल्या तानूमावशी दारात म्हैस पिळत होत्या. बावड्याहून म्हैस घेऊन यायच्या, समोर धार काढून द्यायच्या आणि आमच्या भिंतीवर उधारीची एक रेघ कोळशानं ओढून जायच्या. मी कट्ट्यावर बसून, आत बायकोला ऐकू जाईल अशा आवाजात अहवाल वाचत होतो.

"मावशी, पुढच्या डिव्हिडंडात तुमची सगळी बाकी एका दमात देतो बघा."

धार न थांबवता त्यांनी विचारलं, "इंजिनं रोखीनं इकली, का उधारीवर?"

"उधारीवर. ऊस गेला की शेतकरी देतात. पण नफा झालाय ना!"

"व्हय की. मग तुमास्नी वाटायला पैसं कुठनं आणलं?"

मी पान उलटलं. बँकेचं कर्जही दुप्पट झालेलं. आता यावरून शहाण्या माणसानं काय ओळखावं? मी ओळखलं, की बँकेत कंपनीची पत केवढी मोठी! आणि तेही मोठ्यानं सांगितलं.

"मास्तर, वैनीच्या पाटल्या ऱ्हाऊ द्या," एवढंच म्हणून त्या रेघ ओढून गेल्या.

मला त्यांची कीव आली. दुपारी बायकोनं साबण लावून पाटल्या काढून दिल्या आणि मी सराफाकडे गेलो.

पुढच्या वर्षी नफा आणखी वाढला. डिव्हिडंड शून्य. इंजिनांचे पैसे अजून शिवारातच होते आणि बँकेनं हात आखडता घेतला होता. बायकोच्या मनगटांकडे मला बघवेना.

तानूमावशींपुढे मात्र मी थक्क होऊन उभा राहिलो. अंगठा उठवणारी बाई! माझ्या सगळ्या विद्येला जे दिसलं नाही, ते हिनं म्हशीखाली बसून, न वाचता बघितलं होतं. खरंच सांगतो, पाया पडावंसं वाटलं.

"मावशी, हे शिकलात तरी कुठं?"

"तुमच्याच दारात की," म्हशीचं दावं सोडत त्या म्हणाल्या. "त्या भिताडाकडं बघा. किती रेघा हाईत? लई नफा हाय माझा. पर पेंडवाला रेघा घेत न्हाय."