मनावरचा भोंगा आणि काळी एक

रविवार, ३ नोव्हेंबर १९५७, सायंकाळी सव्वासहा. देवासच्या मंडपात मामांचे नवे संगीत नाटक सुरू व्हायला पाऊण तास उरला होता, आणि भोंगा बेसूर झाला होता.

या नाटकातून मामांनी तंबोरा वगळला होता. त्याऐवजी आम्ही रहाटाची कुरकुर, टांग्याच्या टापा आणि मनावर गावच्या कापसाच्या जिनिंग कारखान्याचा भोंगा टेपवर घेतला होता. यंत्र माझ्या इंदूरच्या कॉलेजातले, भौतिकीच्या प्रयोगशाळेचे. धारच्या घरी मी भोंग्याच्या टेपेची दोन टोके चिकटवून वेटोळे केले. तो अखंड घुमू लागला आणि नायिका झालेल्या मामींच्या षड्जाशी, पेटीवरच्या काळी एकशी, तंतोतंत जुळला. इथल्या नाट्यमंडळाने मामांना हा एकच प्रयोग दिला होता. तो फसला, तर पुढे पुन्हा जुनीच पौराणिक नाटके.

आज तोच भोंगा एक पट्टी उतरला होता.

"पेटी पांढरी एकवर घेऊ," मी सुचवले.

"वीस वर्षं संसारात नमतं घेतलं, बाई," मामी म्हणाल्या. "पट्टीत घेणार नाही."

मंडपामागे भाड्याचे डिझेल जनित्र धापा टाकीत होते. वारंवारतेच्या मीटरचा काटा सेकंदाला पन्नास आवर्तनांऐवजी सत्तेचाळीसवर. भार जास्त म्हणून इंजिन मंद, इंजिन मंद म्हणून टेपेची मोटर मंद. भार शोधावा लागला नाही: प्रवेशद्वाराच्या कमानीवर मंडळाच्या अध्यक्षांचे संपूर्ण नाव दिव्यांनी झगमगत होते, पदवीसकट.

मी त्यांना कार्यकारणभाव समजावून सांगितला.

"म्हणजे माझं नाव विझवून कारखान्याचा भोंगा ऐकवणार? वा भिया, कमाल आहे!" ते इंदुरी थाटात उद्गारले.

मामांनी हात जोडले. "साहेब, निदान आडनाव तरी विझवा."

अध्यक्षांना हसू आवरेना. आधी पदवी विझली, मग आडनाव. "पहिलं नाव राहू द्या हो," ते म्हणाले, "व्याही आलेत आज."

पडदा वर गेला. भोंगा घुमताच प्रेक्षकांत हशा पिकला. मामींनी त्यावर सा लावला आणि हशा विरला. भोंगा अजून केसभर उतरलेलाच होता, हे मला ऐकू येत होते. मामींनी विंगेतल्या माझ्याकडे एकवार रोखून पाहिले आणि तेवढ्याच केसभर त्या खाली आल्या. दोन्ही सूर एक झाले. त्या पदाला वन्स मोअर मिळाला.

टाळ्या चालू असतानाच मी मागे जाऊन काटा पाहिला आणि आकडा टिपला: साडेएकोणपन्नास.